फाइनाने न जाळलेलं गवत

आमच्या गावाबाहेर, नदीच्या पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर भाजीच्या बागांची रांग आहे. प्रत्येकाची एक लाकडी खोली, काकडीचा वाफा, बसायला बाक. रांग संपते तिथे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे लष्कराच्या इंधनाच्या टाक्या. अगदी टोकाची बाग फाइना लुकिनिच्नाची. शाळेच्या खानावळीत जन्मभर कोबीचं सूप ढवळलं तिने. मी त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की खालून गेल्या साली वाळलेलं गवत निघतं, चपटं, पिवळट, उशीवर दबलेल्या केसांसारखं. आमच्याकडे ते जाळतात. मनाई आहे. दरवर्षी मनाईची पाटी लागते आणि दरवर्षी गवताबरोबर पाटीही जळते. राखेने बटाटे चांगले पोसतात म्हणे. मला विचाराल तर फारसा फरक पडत नाही, पण मीही जाळते. ऊन पडलं की हात आपोआप काडेपेटीकडे जातो. बुटक्या ज्वाळा सरपटत जातात, धूर नदीवरच्या धुक्यात मिसळतो, आणि दोन-चार दिवस सगळं गाव झोपेत चालल्यासारखं दिसतं.

फाइना मात्र जाळत नसे. तिच्या गवतात टिटवी अंडी घालायची.

"लुकिनिच्ना, तुझ्या या पेंढ्यापायी एक दिवस आम्ही सगळे भाजून निघू!" शेजारचा पावेल दर वसंतात ओरडायचा.

"भाजायला अंगात थोडी चरबी लागते, पावेल. तू निवांत झोप."

तिच्या बागेला लागून झाखारची बाग. झाखार तिचा नवरा होता. काडीमोड झाल्याला जमाना लोटला. एकाच बागेचे दोन तुकडे केले आणि मध्ये काळ्या बेरींची झुडपं लावली. दोघं एकमेकांशी बोलत नसत, माझ्यामार्फत बोलत. मी मध्ये उभी असले तर ठीक, नाहीतर झाखारच्या कुत्र्यामार्फत.

"निनेल, त्या माणसाला सांग, त्याची बादली माझ्याकडे आलीय."

"निनेल, त्या बाईला सांग, बादली तिच्याच बापाची आहे. लग्नात दिली होती. तेव्हाही गळकीच होती."

हा झाखार टाक्यांच्या फाटकावर पहारेकरी होता.

युद्ध सुरू होऊन बराच काळ लोटला होता. त्या वसंतात देशभर काही ना काही पेटत होतं. कुठे कारखाना, कुठे गोदाम, कुठे रेल्वेच्या रुळांजवळची विजेची पेटी. टीव्हीवर कारण ठरलेलं: कोणीतरी सिगारेट विझवली नाही. फाइना म्हणायची, "एवढी सिगारेट ओढतो कोण हा? पकडून खोकल्याचं औषध तरी द्या त्याला."

मग एका शनिवारी दुपारी आमच्याकडची टाकी पेटली. आधी आवाज झाला नाही. प्रकाशच बदलला, जत्रेतल्या रंगीत काचेतून पाहावं तसा सगळा वाफा नारिंगी झाला. आम्ही हातातली खुरपी धरून उभे राहिलो. मग जमीन हलली. काळा धूर उठला, आकाशात जाऊन आडवा झाला आणि पुराच्या पाण्यावर पसरला. काजळी बर्फासारखी सावकाश पडत होती, माझ्या बाहीवर, फाइनाच्या पापण्यांवर. दूर कुठेतरी कोकीळ ओरडत होता आणि कोणीच पळत नव्हतं. मला आजही ती दुपार आठवते ती स्वप्नात पाहिल्यासारखी. पाय आहेत, पण कोणाचे कळत नाही.

रविवारी झाखारला पकडून नेलं. या वेळी कोणी सिगारेटचं नाव काढलं नाही. पहाऱ्यावर तो होता, आणि त्याची सख्खी बहीण सीमेपलीकडे राहते. तिच्याशी तो फोनवर बोलायचा, काकड्यांच्या लोणच्याबद्दल. घातपात, असा शब्द निघाला. त्या शब्दाखाली आत गेलेला माणूस म्हातारा झाल्याशिवाय बाहेर येत नाही. झाखार तर आधीच म्हातारा होता.

सोमवारी सकाळी फाइना माझ्या दारात. डोक्याला रुमाल, हातात ती गळकी बादली.

"निनेल, काड्या आहेत?"

"कशाला?"

"शनिवारी वारा कुठून कुठे होता?"

"पेटलं तेव्हा बागांकडून टाक्यांकडे. नंतर फिरला."

"सगळ्यांच्या बागा काळ्या आहेत. गवताची आग सरकत कुंपणापर्यंत गेली, असं कोणालाही वाटेल. मध्ये फक्त माझा पिवळा तुकडा आडवा येतोय."

मला कळलं आणि राग आला. "अगं वेडे, तुला पकडतील!"

"गवत जाळलं म्हणून दंड करतात. जन्मठेप देत नाहीत."

"आणि आग त्यानेच लावली असेल तर?"

तिने बादली खाली ठेवली. "त्याला आयुष्यात चूल पेटवता आली नाही, निनेल. आणि लावली असेल तर मी विचारणार नाही. तू काड्या दे."

टाकी अजून धुमसत होती, त्यामुळे आमचा धूर कोणाच्या डोळ्यावर आला नाही. फाइनाने आधी टिटवीच्या घरट्याभोवती बादलीने पाणी ओतून ओलं कडं केलं, मग काडी ओढली. गवत पेटलं आणि कुजबुजल्यासारखं जळत गेलं. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहिली. फाइनाने वर पाहिलंच नाही.

दुपारी ती स्वतः जाऊन टाकीच्या आगीची चौकशी करणाऱ्या कॅप्टनला घेऊन आली. शहरातला तरुण माणूस, चकचकीत बूट. बागांतले सगळे जमले होते.

"आजी, हे गवत तुम्ही शनिवारी जाळलंत?"

"दरवर्षी जाळते."

कॅप्टन आमच्याकडे वळला. ज्यांनी जन्मभर तिला न जाळण्यावरून शिव्या घातल्या, ते सगळे एका सुरात बोलू लागले. पावेल सर्वांत पुढे. "दरवर्षी, साहेब! किती सांगितलं हिला! ऐकेल तर शपथ!"

"काडेपेटी म्हणजे जीव की प्राण तिचा," मी म्हणाले. वर्गात मुलं खोटं बोलली की मी कान पिळायचे. असो.

कॅप्टन वाकला, राखेवर तळहात ठेवला आणि तसाच राहिला. राख अजून गरम होती. मला माहीत होतं, फाइनाला माहीत होतं, आता त्यालाही कळलं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. पहारेकरीच घातपाती म्हटलं, तर त्याला पहाऱ्यावर ठेवलं कोणी हा प्रश्न वरून येणार, आणि तो कुठवर चढेल याचा नेम नाही. म्हातारीचं गवत कोणाच्याच वर चढत नाही. त्याने रुमालाने हात पुसला.

"थंड आहे," तो म्हणाला.

झाखार आठवड्याभरात परतला. बारीक झालेला, नोकरी गेलेली. फाइनाला दंड झाला, आणि तिची बाग कुंपणाच्या सुरक्षेसाठी म्हणून काढून घेतली. ट्रॅक्टरने नांगरून सपाट केली. टिटवी आधीच घरटं सोडून गेली होती. ओल्या कड्याचा काही उपयोग झाला नाही.

झाखार बेरींच्या झुडपांपाशी उभा होता. "निनेल, त्या बाईला विचार, माझ्यासाठी एवढं कशाला केलं?"

"निनेल, त्या माणसाला सांग, गवत जुनं झालं होतं."

मी खुरपं टाकून घरी निघून आले. माझंही वय झालंय.

पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी आपापलं गवत जाळलं. काळ्या रांगेत एकच तुकडा पिवळा राहिला. तो झाखारचा. पावेल ओरडला, झाखारने ऐकू न आल्यासारखं केलं. त्याच्या बाकावर फाइना बसली होती, मांडीवर बी-बियाण्याच्या पुड्या घेऊन. दोघं बोलत नव्हती. गवताकडे बघत होती.