शेळ्यांनी पास केलेलं पाणी

नामांतराचे मोर्चे निघायचे त्या वर्षांत मी पूर्ण्याजवळच्या एका सरकारी वसाहतीत, सांडपाण्याच्या टाकीवर रोजंदारीनं ऑपरेटर होतो. काम एवढंच, ब्लोअरनं टाकीत हवा सोडायची. हवा मिळाली की घाण खाणारे जंतू जगतात आणि पाणी निवळतं. किती हवा सोडायची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मोजायचं यंत्र आमच्या साहेबांच्या कपाटात कुलूपबंद होतं. बाहेर काढलं नि बिघडलं तर जबाबदार कोण, म्हणून त्याच्या खोक्याचा दोरासुद्धा कुणी सोडला नव्हता.

चुडाव्याकडची एक मावशी रोज दुपारी शेळ्या घेऊन टाकीमागच्या डबक्यावर यायची. आमचं निवळलेलं पाणी तिथंच जायचं. एकदा शेळ्यांनी पाणी हुंगून माना फिरवल्या.

"पानी बिघडलंय तुमचं," मावशी म्हणाली. "शेळी तहानंनं मरंल, पर वासाच्या पान्याला तोंड लावायची न्हाई."

त्या दिवशी मी वीज वाचवायला दोनपैकी एकच ब्लोअर लावला होता. मग मी शेळ्यांवरच हवा ठरवू लागलो. त्या प्यायल्या की दुसरा ब्लोअर बंद, नाही प्यायल्या की चालू. पूर्वीपेक्षा कमी विजेत पाणी नितळ राहू लागलं आणि मी स्वतःवर जाम खूश होतो.

तेवढ्यात वरिष्ठांची तपासणी आली. ती नीट पार पडली तर मी कायम होणार होतो, आणि माझं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी तेवढ्यासाठीच थांबवलं होतं. साहेबांनी दोन दिवस आधीपासून दोन्ही ब्लोअर फुल सोडायला लावले. पाहुणा आल्यावर पंखा कुणी एकवर ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं. तपासणीच्या दिवशी टाकीवर साबणासारखा पांढरा, कमरेएवढा फेस चढला आणि उतू जाऊन रस्त्यावर आला. वरिष्ठ त्यात बुटांसकट उभे राहिले आणि स्वच्छता पाहून प्रसन्न झाले. डबक्यावर एकही शेळी पाणी पीत नव्हती.

मला राहवलं नाही. हवा जास्त झाली, गाळ ढवळून पाणी गढुळलंय, शेळ्यांना विचारा, असं मी बोलून गेलो. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

वरिष्ठांनी बराच विचार केला. "शेळ्या सरकारी आहेत का?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी कागद आला. मी कायम झालो होतो. खाली दुसरं कलम होतं: आवारात जनावरांना मनाई, अंमलबजावणी ऑपरेटरनं करावी.

मावशीला फाटकावर मीच अडवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग आता पानी कोन बगनार?" तिनं विचारलं.

मी आत गेलो आणि दोन्ही ब्लोअर चालू केले.