आलेकच्या बंदुकीचा दस्ता

नोलीनच्या एप्रनच्या खिशात कपड्यांचे चिमटे, हातरुमाल आणि बंदुकीचा बोल्ट गुण्यागोविंदाने नांदत. बोल्ट काढला की बंदूक म्हणजे नुसती काठी. मॅनिओटोटोच्या मैदानात सशांनी गवत फस्त केलं की मेंढ्या उपाशी, त्यामुळे पोरांना नेमबाजी शिकवावीच लागे. आसपासच्या शेतांवरची पोरं नोलीनच्याच हाताखाली तयार झालेली. आधी कित्येक दिवस रिकामी बंदूक घेऊन हिंडायचं. नळी चुकून कुणाकडे वळली की त्या दिवशीचा धडा बंद. रडूनही उपयोग नाही.

तिची सख्खी नात टेसा मात्र बंदूक दिसली की कोंबड्यांना दाणे टाकायला पळे. गेल्या वर्षी बापाने, ग्रेगने, हौसेने तिच्या हाती हरणांच्या शिकारीची मोठी बंदूक दिली होती. बाराच्या धक्क्याने खांदा काळानिळा झाला. आता ईस्टरला सगळं घर सशांमागे टेकडीवर जाणार, आणि पोर भीती उराशी धरून घरी बसणार. ही भीती जन्माची होऊन बसेल, याचाच नोलीनला घोर लागला होता.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तिने नवऱ्याची, दिवंगत आलेकची, लहान बंदूक काढली. बोल्टशिवायच. टेसा पोत्यावर पालथी पडली. मागचा लाकडी दस्ता खांद्याला लागेचना, काखेत शिरला. हंसासारखी मान ताणून तिने डोळेच मिटले.

"आजी, मी भित्री आहे गं."

"भित्री कसली? तुझे हात आखूड आहेत."

नोलीनने दस्ता सोडवून शेडमध्ये मेजाच्या पकडीत आवळला आणि करवत उचलली. तेवढ्यात ग्रेग आला.

"आई! बाबांची बंदूक? आम्ही सगळे काखेत धरूनच शिकलो की!"

"आणि काखेत धरूनच चुकलात. तुझ्या विजारी दरवर्षी उसवून लांब करत होते, तेव्हा नाही बरं ओरडलास!"

बोलली खरी, पण आलेकच्या गालाने गुळगुळीत झालेल्या लाकडावर तिचा हात थबकला. तिने क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. देवाने पोरीचे हात काही बंदुकीच्या मापाने घडवले नव्हते. तिने करवत टेकवली, गालाच्या जागेच्या बरीच मागे.

ओढ्याच्या उंच काठासमोर तिने आल्याचं बिस्किट दोरीला टांगलं. टेसाच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवले.

"बिस्किटाच्या मागे काय आहे?" तिने मोठ्याने विचारलं.

"माती."

"मेंढ्या?"

"नाहीत."

"बाबा?"

"आपल्या मागे. तोंड पाडून उभे आहेत!"

मग कुठे बोल्ट खिशातून निघाला, आणि एक काडतूस. फट्! बिस्किट जागच्या जागी.

"लागलं नाही!" टेसा ओरडली. मग खांदा चाचपून म्हणाली, "पण दुखलंही नाही."

आणखी दोनदा चुकली. मग बिस्किटाचे तुकडे उडाले. फुटलेलं बिस्किट फोडणाऱ्याचं, हा तिथला रिवाज. पण पळण्याआधी टेसाने बोल्ट मागे ओढला, आत काही नाही ना ते पाहिलं, तो काढून बंदूक पोत्यावर ठेवली आणि आजीकडे बघितलं. नोलीनने मान डोलावली. तेव्हा कुठे ती धावली.

ग्रेग कापलेला तुकडा कुरवाळत होता.

"याच्या चकत्या कर," नोलीन म्हणाली. "तिच्या दर वाढदिवसाला एकेक परत जोडू."

"आणि सगळ्या जोडून झाल्या की?"

"तेव्हा ती तुझ्या बाबांएवढी झाली असेल."

टेसा तोंडभर बिस्किट आणि माती चावत आली. "ईस्टरला मीपण टेकडीवर येणार. आजी, हा घे तुझा बोल्ट."

आणि तिने तो स्वतःच आजीच्या खिशातल्या चिमट्यांमध्ये टाकला.