पणजोबांना अग्नी कुणी दिला

माझं काम सबटायटलचं आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या ऑफिससाठी मी माहितीपटांतलं बोलणं पडद्याखालच्या ओळींत उतरवते. ओळी दोनच, त्याही आखूड, आणि बोलणारा थांबला की ओळही गेली पाहिजे. कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला बरं वाटतं. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच करते, डायनिंग टेबलावर.

मागच्या हिवाळ्यात आजोबा साताऱ्याकडच्या गावाहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. बाबा सकाळीच जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसला जायचे, आई स्वयंपाकघरात असायची, आणि आजोबा माझ्यासमोर बसून मला बघत राहायचे. मला कामात कुणी बघितलेलं आवडत नाही.

तेव्हा माझ्याकडे इटलीतल्या लढाईवरचा एक माहितीपट होता, दुसऱ्या महायुद्धातला. नदीपलीकडच्या टेकड्यांवर जर्मन फौज, अलीकडे चिखलात इंग्रजांबरोबर आपल्या पलटणी. एका दृश्यात जर्मन विमानं खाली येतात आणि नदीकाठच्या तळावर बॉम्ब टाकतात. माझं त्यात काम एवढंच होतं की स्फोटाच्या वेळी ‘स्फोटांचे आवाज’ ही ओळ नेमकी उमटावी. ते दृश्य मी मागेपुढे करत होते.

“ह्यो मुलूख कुठला?” आजोबांनी विचारलं.

“इटली.”

त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. “माझा बाप हितंच ऱ्हायला.”

पणजोबा लढाईत गेले हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कसे गेले हे मी कधी विचारलं नव्हतं. आजोबा तेव्हा दीड वर्षांचे होते. आधी बेपत्ता असल्याचा कागद आला, मग बऱ्याच महिन्यांनी मयत समजावे असा दुसरा. त्यांना पडताना पाहिलेलं कुणीच गावात परत आलं नाही. भावकीतले काही लोक म्हणायचे, जर्मनांनी धरला असेल, तिकडंच मड्डम करून बसला असेल. आजोबांना त्या बोलण्याचं काही वाटायचं नाही, असं ते म्हणाले. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती.

“अग्नी मिळाला का तसाच रानात पडला, येवढंच.”

लढाईत मेलेल्यांच्या याद्या इंटरनेटवर असतात, हे मला कामामुळे ठाऊक होतं. मी नाव, आडनाव टाकलं. इटलीतल्या एका दफनभूमीच्या यादीत नाव निघालं. जिल्हा सातारा, खाली गावाचं नाव. त्या दफनभूमीत एक वेगळा स्तंभ आहे, ज्यांचं दहन झालं त्या हिंदू आणि शीख जवानांचा. नाव त्या स्तंभावर होतं.

“आजोबा, त्यांना जाळलं होतं,” मी म्हणाले.

“अगं, दहन केलं म्हण,” आई आतून म्हणाली.

“ऱ्हाऊ दे, कळलं मला,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी मला तेच दोनदा वाचायला लावलं.

त्या उत्साहात मी नावापुढे दिलेल्या तुकडीची रोजनिशीही शोधली. मृत्यूच्या तारखेला तीनच ओळी होत्या. सकाळी दोन जर्मन विमानं आली, सामान वाहणाऱ्या खेचरांच्या तळावर बॉम्ब पडले, तीन जवान आणि अकरा खेचरं ठार. नावं नव्हती. मी मराठीत सांगितलं तेव्हा आजोबांनी मान हलवली. “खेचरावरच हुता त्यो. आई सांगायची.”

दुपारपर्यंत त्यांनी गावाकडे सात-आठ फोन केले. भावकीतल्या प्रत्येकाला सांगितलं, बाप सापडला, सरकारी दप्तरात हाय, पोरीनं इंग्रजीत वाचलं. चुलतभावाला म्हणाले, “बघ, मड्डम म्हणत हुतास न्हवं? आता बोल की.” संध्याकाळी खाली बागेत नातवंडांकडे आलेले इतर आजोबा जमतात, त्यांनाही सांगून आले. दोन दिवस मला तो विमानांचा तुकडा पुन्हा पुन्हा लावावा लागला. बिल्डिंगच्या वॉचमनकडून त्यांनी ‘चल’ अशा अर्थाचा एक अरबी शब्द उचलला होता. “यल्ला, लाव परत,” म्हणायचे. त्या तळावर आपला बाप कुठं उभा असेल, ते बोट लावून शोधायचे. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, एवढं बघून त्रास तर होणार नाही ना? मला तसं वाटत नव्हतं. ते खूश होते.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, त्या यादीचं पान छापून फ्रेम करू, गावी नेतील. छापायला मी पान पूर्ण उघडलं. सगळ्यात खाली एक बारीक ओळ होती. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा. दोन्ही नावं आमच्या घरातली नव्हती.

मी इथेच वाढले. शाळेच्या फॉर्मवर दोनच रकाने असायचे, नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव मधे लिहायची मला सवयच नाही. आजोबा मात्र कुणाचंही नाव तिन्ही भागांत सांगतात, कारण त्यांच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एक आणि नावंही तीच ती. मी गाव वाचलं आणि थांबले होते.

पुन्हा शोधलं, या वेळी नीट. वडिलांच्या जागी खापरपणजोबांचं नाव असलेली पणजोबांची नोंद दुसऱ्याच यादीत होती. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही, त्यांची. तारीख वेगळी, महिनाही वेगळा.

मी दीड दिवस काही बोलले नाही. जेवताना आजोबा बाबांना सांगत होते की गावी गेल्यावर देवळात नारळ देणार. खरं तर मी गप्पच राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. फ्रेममध्ये ती ओळ कापून टाकणंही सोपं होतं, आणि मी ती कापून पाहिलीही. पण मग त्या दुसऱ्या माणसाच्या बायकोचं नाव कात्रीच्या बाहेर राहिलं, आणि मला ते टाकून देता येईना.

दुसऱ्या दिवशी आई खाली दुकानात गेल्यावर मी सांगितलं. माझी चूक झाली म्हटलं. दोन्ही पानं समोर ठेवली, जरी त्यांना इंग्रजी येत नाही.

त्यांनी पहिल्या पानावरचं बापाचं नाव आणि बायकोचं नाव मला परत विचारलं.

“मंग ह्यो वरच्या आळीचा,” ते म्हणाले. “त्योबी खेचरावरच. दोघं बरूबर भरती झाल्ती.”

“आणि आपले...”

“आपलं न्हाय सापडलं, म्हण की.”

मी हो म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं, दुसरा कागद आल्यावर, देह नव्हता म्हणून दर्भाचा माणूस केला होता, डोक्याच्या जागी नारळ. मामाने त्यांचा हात धरून त्याला अग्नी देवविला होता. ते आठवतं का, की ऐकून ऐकून डोळ्यांपुढे उभं राहतं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. “नारळाला बाप म्हणाया मन घेत न्हवतं कधी. आता त्योच धरायचा. दुसरं काय हाय?”

मला वाटलं, ते आता खाली चक्कर मारायला जातील. त्यांनी फोन मागितला.

वरच्या आळीच्या त्या जवानाची मुलगी अजून गावातच होती, आजोबांपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला ते आक्का म्हणतात. फोन स्पीकरवर होता. आधी त्यांनी आपली चूक सांगितली.

“त्या दिशी मी गावभर जे बोल्लो, बाप सापडला म्हणून, ते खोटं निघालं आक्के. त्यो माझा न्हाय. तुझा हाय.”



“माझा कुठनं आला?” ती म्हणाली. “त्यो गेला की.”

“गेलाच. पर अग्नी मिळाला त्येला. दगडावर नाव हाय.”

“कुणी दिला रं अग्नी?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“पलटणीतल्यांनीच दिला असंल,” ते म्हणाले. “थांब, ही नात बोलंल. तिनं वाचलंय.”

मी ओळख नसलेल्या माणसांशी फोनवर बोलत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण फोन माझ्यासमोर आला होता. मी सगळं सावकाश वाचलं, विमानं, नदीकाठचा तळ, खेचरं, तिघं जवान. मधे एकदा ती म्हणाली, जरा मोठ्यानं बोल बाय. शेवटी तिने दिवस विचारला. मी तारीख सांगितली, आणि पलीकडे ती कुणाला तरी म्हणत होती, पेन आण, आणि तिथी काढायला पंचांग बघणाऱ्याला बोलाव.