पाणी आत ठेवणारी होडी

पडदा वर जातो आहे असं समजा. आमच्या दशावतारात पडदा वर जात नाही, तो मागे नुसता टांगलेला असतो. पुढे एक बाकडं असतं आणि त्याचंच सिंहासन होतं, रथ होतो, पर्वत होतो. तरी आज तुमच्यासाठी पडदा वर नेतो. डावीकडे कोळंबची खाडी, भरतीला आलेली. उजवीकडे माडांच्या सावलीत कौलारू घर. मधोमध पडवी. पडवीत जांभ्या चिऱ्यांचा गुडघाभर ओटा आणि ओट्यावर लाकडाचा एक सांगाडा, आठ फूट लांब. सांगाड्याच्या आत एक बाई उकिडवी बसली आहे. पदर कमरेला खोचलेला, दातांत दोन स्क्रू, हातात सिलिकॉनची बंदूक.

ही सुभद्रा मेस्त्री. वय पन्नाशीच्या पुढे. सकाळी शाळेत मुलांची खिचडी शिजवते आणि दुपारनंतर ती काय करते, याची त्या वर्षी सगळ्या वाडीला चिंता लागून राहिली होती.

पहिली एन्ट्री शेजारच्या जानकीची. कुंपणावर हात ठेवून उभी.

"गो सुभद्रे, ह्या काय बांधतंस? भाताची कणगी?"

"फिशटँक."

"मासे ठेवूक? मासे टोपात ठेवतत गो, मसालो लावन."

"तुझ्या टोपात तू ठेय. माझे पाण्यात ऱ्हवतले."

स्क्रू दातांतच होते. तरी शब्द कसा खणखणीत आला! मी अर्धं आयुष्य रंगमंचावर काढलं, पण तोंडात काही धरून असं वाक्य टाकणं मला जमलं नसतं.

सुभद्रेचे वडील, तातू मेस्त्री, होड्या बांधायचे. नुसते सुतार नव्हेत. सुतार कपाट करतो, होडीचा मेस्त्री दर्याशी भांडणारी वस्तू करतो. आधी कणा, मग फासळ्या, मग फासळ्यांवर बाहेरून फळ्या, फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकायचा आणि वर राळ. सुभद्रा लहानपणापासून त्या राळेच्या वासात वाढली. कापूस पिळून द्यायची, राळ ढवळायची, वडिलांना कुठली पटाशी लागणार ते त्यांनी हात पुढे करण्याआधीच तिला कळायचं. पण होडीचा कणा एकदा बसला की भोवती सुंभ बांधलं जायचं, आणि त्या सुंभाच्या आत तिला जायची बंदी. होडीला बाईचा हात लागायचा नाही, अशी रीत. "हात लावू नको," हे वाक्य तिनं जेवढं ऐकलं असेल तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

एक सकाळ मला अजून दिसते. रात्रभर आमचा प्रयोग झाला होता. मी तेव्हा राण्या करायचो. लुगडं, गंगावन, डोळ्यांत काजळ, आणि झोपेने तर्र. त्याच सकाळी तातूची एक होडी पाण्यात लोटायची होती. कुणीतरी म्हणालं, नारळ भाई फोडील, राणीच्या हातचा नारळ. मी लुगड्याचा घोळ सावरत होडीवर चढलो, फळीला हात लावला, नारळ फोडला. टाळ्या पडल्या. सुंभाच्या बाहेर परकर घातलेली सुभद्रा उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, होडीवर टेकलेल्या.

तातू गेले. तोवर लाकडाच्या होड्याही गेल्या होत्या, फायबरच्या आल्या होत्या. धाकटा भाऊ गुरुदास तशाच एका होडीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मनाने वाईट नाही. पण त्या उन्हाळ्यात त्याने वडिलांचा हत्यारांचा पेटारा एका नव्या हॉटेलवाल्याला देऊ केला. हॉटेलवाला ती हत्यारं भिंतीवर लावणार होता. जुन्या कोकणाची शोभा म्हणे! वाकस, पटाश्या, रंधे, सगळं खिळ्याला टांगून खाली दिवे.

गुरुदास पेटारा उचलायला आला तेव्हा मी पडवीत चहा पीत होतो. सुभद्रा आतून आली आणि पेटाऱ्यावर बसली. सरळ बसली, आमचे राजे बाकड्यावर बसतात तशी.

"ऊठ गो बाय," गुरुदास म्हणाला.

"उठूचंय नाय."

"बाबांची हत्यारां मेस्त्र्याकडे जातली. हयसर मेस्त्री कोण आसा? मी? मी डॉल्फिन दाखवतंय. तू? तुझ्या हातची एक होडी दाखव."

"करूक दिलास कधी?"

"मी खंय म्हटलंय रीत माझी म्हणान? होडयेक बाईन हात लावूचो नाय, ह्या सगळ्यांकच ठाऊक."

"बरा," सुभद्रा म्हणाली. "फिशटँकाक लावूचो नाय, असा कोणी सांगल्यान हा?"

गुरुदास हसायला लागला. मीही हसलो असतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि कप तोंडाला लावला.

त्याच्या आधी महिनाभर ती दाढ दाखवायला कुडाळला गेली होती. त्या दवाखान्यात माणसाएवढी लांब काचेची पेटी, रंगीत मासे. बाकीचे रोगी मासे बघत होते. ही खाली वाकून पेटीचे सांधे बघत होती. कुणी केली म्हणून विचारलं, तर तिथली बाई म्हणाली, मुंबईहून आणली, असलं काम इकडे कोण करणार? दाढेपेक्षा ते वाक्य तिला जास्त दुखलं असावं.

मग पैज लागली. नारळी पुनवेच्या दिवशी सुभद्रेच्या हातच्या पेटीत पाणी असेल, मासे जिवंत असतील, तर हत्यारं तिची. नसतील तर पेटारा हॉटेलात. तोवर तिनं हत्यारं वापरायची. मला पंच केलं. मी दोघांच्याही बाजूचा नाही असं जाहीर केलं, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

तिनं काम काढलं. घरामागच्या ऐनाच्या जुन्या वाशांचा सांगाडा. पाठीला, तळाला आणि दोन्ही बाजूंना पाण्यात टिकणारा प्लायवूड, त्यावर आतून फायबरची जाळी आणि रसायन, होडीला लावतात तेच. पुढच्या अंगाला मात्र जाड काच, अखंड. गाळणी म्हणून प्लास्टिकचा पिंप, त्यात स्पंज आणि फुटक्या कौलांचे तुकडे. कौलं कशाला विचारलं तर म्हणाली, "पाणी साफ करणारे किडे बारीक बारीक भोकांत घर करतत भाईनू. कौलाक भोकां कमी आसत काय?" मोबाईलवर ती काहीबाही बघायची, पण प्रत्येक गोष्ट शेवटी वाकसाखालून जायची. वाकस म्हणजे ते आडव्या पात्याचं हत्यार, लाकूड तासायचं. एकेक वासा तिनं त्यानं असा तासला की हात फिरवावा.

आषाढात पेटी उभी राहिली. किनाऱ्यावर होड्या माडाच्या झापांखाली झोपल्या होत्या, माणसांना काम नव्हतं, त्यामुळे पाणी भरायच्या दिवशी प्रेक्षागृह हाऊसफुल्ल. विहिरीवरून पाइप लावला. म्हातारा बाबली मेस्त्रीसुद्धा काठी टेकत आला. तातूचा जोडीदार, वाडीतला शेवटचा होडीबांध्या. नवी होडी लोटताना देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं तोच घालायचा. मी म्हटलं, "बाबली, घाल गाराणा."

"बायलमाणसाच्या खोक्याक गाराणा?" तो म्हणाला. "गप बस."

पाणी चढत गेलं. पाव पेटी. अर्धी. काचेत सुभद्रेचं प्रतिबिंब हलताना दिसत होतं. पाऊण पेटी भरली आणि एक आवाज आला, ढोलाचं पान फाटतं तसा. काच खालच्या कडेला बाहेर सरकली, तिला धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू उखडले, आणि सगळं पाणी पडवीतून अंगणात! चपला वाहून गेल्या. जानकीची कोंबडी माडावर चढायची बाकी राहिली. काच चिऱ्यावर आपटून तिचे दोन तुकडे झाले.

कुणीतरी शिट्टी वाजवली. जानकी म्हणाली, "मसालो फुकट गेलो गो!" गुरुदासने नुसतं पेटाऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं शिट्टीपेक्षा वाईट होतं.

सुभद्रा ओल्या पडवीत मांडी घालून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो, तर ती उखडलेली पट्टी हातात धरून पुटपुटत होती, "भायरसून लावलंय. काच मी भायरसून लावलंय! पाणी भितर, आणि काच भायर. आतसून ढकलल्यार ती जातली नाय तर काय करतली? भितरसून लावूक व्हयी होती. मगे पाण्यानच ती चौकटीक दाबून धरल्यान असती."

एवढ्यात बाबली पुढे आला. त्याने काठीने सांगाड्यावर टकटक केलं. वाकला. तासलेल्या वाशावर अंगठा फिरवला. मग चौकटीकडे पाहिलं, जिथे काच बाहेरून ठोकली होती.

"गुरुदासा, हयसर ये," तो म्हणाला. "ह्या बघ. आदी फासळे, मगे भायरसून साल. होडयेची फळी अशीच बसता. भायरचा पाणी फळयेक फासळ्यांर दाबता. ह्या तातूच्या चेडवान हात चालवल्यान तो होडयेचो. ही चूक कपाटां करणाऱ्या सुताराक जमाची नाय. ही होडयेच्या मेस्त्र्याची चूक."

"चूक ती चूकच मा?" गुरुदास म्हणाला. "पाणी गेला."

"पाणी गेला. मेस्त्री खंय गेली नाय."

सुभद्रेनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आडनाव म्हणून होतं, पण आडनाव रेशनकार्डावर असतं. हे वेगळं होतं. ती उठली, लुगडं पिळलं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुनव येवक अजून येळ आसा. काम नसला तर चपलो शोधा आपापले."

नवी काच टेंपोतून आली. ती आता वरून, पेटीच्या आत उतरवायची होती, चारही कोपरे सांभाळून. वाडीतली तरणी पोरं कामं असल्यासारखी पांगली. मग मी माझी जुनी मंडळी बोलावली. एका कोपऱ्याला आमचा राक्षस, गुडघे गेलेला. दुसऱ्याला नारद, आता चष्मा लावतो. तिसऱ्याला मी, एके काळची राणी. चौथा कोपरा रिकामा. बाबलीने काठी गुरुदासकडे केली.

"उभो कित्याक? धर."

गुरुदासने धरलं. सुंभाच्या दोऱ्यांवर काच खाली जाऊ लागली, आणि सुभद्रा आत उकिडवी बसून हुकूम सोडत होती. "राक्षसानू, हळू. नारदानू, चष्मो सांभाळा. गुरुदास, माझ्याकडे बघू नको, काचेकडे बघ!" काच आतून चौकटीला टेकली. सिलिकॉन सुकेपर्यंत तिनं कुणाला पडवीत पाय ठेवू दिला नाही.

दुसऱ्यांदा पाणी भरलं तेव्हा मी गाऱ्हाणं घालायला घसा खाकरला. बाबलीने काठी माझ्या आडवी धरली.

"तू नाटकवालो. गप ऱ्हव. मेस्त्र्याच्या कामाक गाराणा मेस्त्री घालता." आणि हात जोडून, त्या फाटक्या आवाजात, "बा देवा म्हाराजा! आज तातूच्या चेडवान पडवीत होडी बांधल्यान हा. आजवर आमी तुका सांगलाव, पाणी भायर ठेय. आज पाणी भितर ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पडवी ओरडली. जानकीसुद्धा.

पाणी काठापर्यंत चढलं. सांध्यांवरून सुभद्रेनं कोरडा हात फिरवला. कोरडाच वर आला.

मासे तिनं लगेच सोडले नाहीत. तळीतला मूठभर गाळ गाळणीत टाकला आणि म्हणाली, पाणी मुरायला हवं, लोणचं मुरतं तसं. मुरल्यावर काळुंदरं आणली, खाडीच्या तोंडापासून वर, गोड्या पाण्यातली. आमच्या ताटात येणारा मासा. कडेवर लाल-निळे ठिपके, अंगावर मोत्यांची खडी. ताटात तो काळा होऊन येतो, म्हणून त्याचं रूप आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. जानकी काचेला नाक लावून बसायची आणि मसाल्याचं नाव काढत नव्हती.

नारळी पुनव आली. दर्याला नारळ देऊन झाला, होड्यांवरचे झाप निघाले. संध्याकाळी गुरुदास पडवीत आला आणि त्याने कोपऱ्यातला पेटारा उचलला. सुभद्रा फडक्याने काच पुसत होती. आत काळुंदरं वळत होती, एकही कमी नव्हतं. पंच म्हणून मी उभा राहिलो, पण मला कुणी विचारलं नाही.

त्याने पेटारा तिच्यासमोर ठेवला, झाकण उघडलं. वाकस सगळ्यात वर होता, तातूच्या हातांनी दांडा काळा झालेला. गुरुदासने तो उचलला. हातात तोलला. आपल्याकडेच धरून म्हणाला, "हॉटेलवाल्याक सांगलंय, पेटारो मिळाचो नाय म्हणान. जिंकलंस तू गो बाय. पण एक आयक. फिशटँक कर, कपाटां कर, काय व्हया ता कर. होडयेक मात्र हात लावू नको हां. लोक काय म्हणतले?"

सुभद्रेनं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू आदी माझ्या वाकसावरसून हात काढ."