दिल्लीत आक्कानं जागा सोडली नाही

परभणीहून निघालेली गाडी दिल्लीला पोचली तेव्हा सकाळच्या धुरकट हवेत सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसत होता. तिथल्या वर्तमानपत्रात हवा किती वाईट आहे याचा आकडा आपल्याकडच्या बाजारभावासारखा रोज छापतात. तरीही हे शहर मला पाहताक्षणी आवडलं.

आम्ही दिंद्रुडकडचे पंधराजण होतो, बहुतेक मेंढपाळ. गावाचं गायरान (चराईची सामायिक जमीन) सौरप्रकल्पाला द्यायचं घाटत होतं. ते देऊ नये म्हणून एका मंत्रालयात निवेदन द्यायचं होतं. भेट दुपारी तीनची. निवेदन मी लिहिलेलं, म्हणून मी बरोबर.

आधी लाल किल्ला पाहिला. बाहेरच्या गाड्यावर छोले-कुलचे खाल्ले. आंबट, तिखट, वर आल्याचे काप. ही राजधानी वसवायला रायसीना टेकडीभोवतीच्या गावांची जमीन घेतली होती, हे मी सांगितलं तेव्हा आमचे म्होरके सदाशिवमामा यांचा घास हातातच राहिला.

"मंग त्यांची मेंढरं कुटं गेली?" त्यांनी विचारलं.

मेट्रोत बायका पुढच्या, त्यांच्यासाठी राखलेल्या डब्यात बसल्या. जनपथला उतरलो. बाहेर पडायच्या फाटकातून एकेकालाच जाता येतं. मामा बाजूला उभे राहून बोटांवर मोजू लागले. संध्याकाळी वाघरीच्या (मेंढरांभोवतीच्या जाळ्याच्या) तोंडाशी खांड (कळप) मोजतात, तसे.

"चौदा," ते म्हणाले. "आक्का न्हाई."

कोंडाबाई आक्का, वय सत्तर. गाठोडं उचलेपर्यंत दार मिटलं आणि गाडी तिला घेऊन पुढं गेली. निघतानाच मामांनी सगळ्यांना बजावलं होतं, चुकलात तर जागा सोडू नका. आक्काची जागा आता पळत होती.

फाटकाजवळच्या खोलीत मेट्रोची एक हरियाणवी मुलगी होती. "ताऊ, बैठो. दादी मिल जाएगी," म्हणत तिनं फोन फिरवायला सुरुवात केली. एकेका स्थानकाला ती वर्णन सांगे : हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, मांडीवर गाठोडं.

अडीच वाजले. मी म्हणालो, "मामा, तुम्ही थांबा, आम्ही पुढं होतो. भेट हुकली तर गायरान जाईल."

"एक मागं टाकून खांड हालत न्हाई."

"तिकडं साहेब वाट बघणार नाही!"

"नगं बघू. आक्काला टाकून वाचवलेल्या गायरानात मी मेंढरं घालू व्हय बे?"

मी चिडून घड्याळाकडं बघत बसलो.

तीन वाजून गेल्यावर बदरपूरहून फोन आला. म्हातारी सापडली आहे, पण उठायलाच तयार नाही. मुलीनं फोन मामांच्या कानाला लावला.

"आक्का, मी सदाशिव. ऊट आता. त्यांच्यासंगं माघारी ये."

तेव्हा कुठं ती उठली. चार वाजून गेल्यावर आली, ती एका महिला शिपायाचा हात धरून.

"कावून तोंडं पाडली रे?" ती म्हणाली. "मी जागा सोडली न्हाई. लई लोकं उतर म्हनले. एका बाईनं पानी दिलं, एकीनं संतरं सोलून दिलं."

मामा हसले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मंत्रालयाच्या दाराशी धावत पोचलो. साहेब निघून गेले होते. खिडकीतल्या कारकुनानं निवेदनावर आवक शिक्का मारला आणि खिडकी लावून घेतली. तेवढंच झालं.

गायरानाचं काय होणार, अजून कळलेलं नाही. परतल्यावर गावात वाटायचं पत्रक लिहायला बसलो. पहिलं वाक्य आलं : दिल्ली बहिरी आहे. ते मी खोडलं नाही, कारण त्या खिडकीपुरतं ते खरं होतं. त्याच्याखाली लिहिलं : याच दिल्लीनं आमच्या आक्काला जनपथपासून बदरपूरपर्यंत स्थानकामागून स्थानक शोधलं. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दुसरं वर घे."

मी घेतलं.