बाकावरची शांतता

माझा धाकटा भाऊ सिनेमा बघून आला की घरात तासभर कोणी तोंड उघडायचं नाही, असा त्याचा लहानपणापासूनचा खाक्या. आता घरात आहोत कोण? मी आणि तो. माझे यजमान गेल्यावर मी याच्याकडे राहायला आले. याने लग्नच केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "ताई, सिनेमा चालू असताना बडबडणारी बायको मिळाली तर काय करू?" असलं हे ध्यान!

काम करतो जनरेटर दुरुस्तीचं. दवाखाने, दुकानं, सभागृहं, जिथे वीज गेली की ती धुडं धडधडायला लागतात, तिथे याला बोलावणं येतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्याची तपासणी. सगळी उमेदीची वर्षं त्या गोंगाटात गेली. कानात कापसाचे बोळे तरी घाल म्हटलं, तर म्हणे, "मग इंजिनाचं दुखणं कसं कळणार?" घ्या! इंजिनाच्या दुखण्याची काळजी, स्वतःची नाही.

संध्याकाळी घरी आला की नखांतलं ग्रीस खरवडायचं, आंघोळ करायची आणि फोन घेऊन खिडकीशी बसायचं. इंटरनेटवर सिनेमावेड्यांचा एक गट आहे, त्यात हा लिहितो. तिथे याचं नाव 'शेवटची रांग', कारण तरुणपणी तिकीट त्याच रांगेचं काढायचा. दोन बोटांनी टकटक करत असं काही लिहायचा की लोक हसून लोळायचे. एका मारधाडीच्या सिनेमाबद्दल लिहिलं होतं, 'नायकाने वीस माणसं लोळवली, पण शर्टाची इस्त्री मोडली नाही. माझा शर्ट दुकानाचं शटर उघडताना फाटतो.' अनोळखी माणसं त्याच्या मताची वाट बघत. त्याला 'सर' म्हणत. आमच्या अख्ख्या खानदानात सर म्हणवून घेतलेला हा पहिलाच.

गट चालवतो एक दातांचा डॉक्टर. त्याचा नियम एकच आणि कडक: सिनेमा पूर्ण न बघता लिहायचं नाही. वाटेल ते बोला, कडाकडा भांडा, पण न बघता लिहिलंत तर चालते व्हा. आणि भांडायला तिथे 'चिमटा' नावाची एक मुलगी होती, कुठेशी कॉलेजात शिकवते म्हणे. भावाने पांढरं म्हटलं की ही काळं म्हणणार. दोघांची चार-चार दिवस जुंपायची आणि हा जेवता जेवता एकटाच खुदखुदायचा.

मग गेल्या दोनेक वर्षांत टीव्हीचा आवाज वाढत गेला. मी स्वयंपाकघरातून हाका मारमारून थकायचे, तर हा वर मलाच सांगणार, "तू हल्ली पुटपुटतेस." मी! माझा आवाज चौकातल्या रिक्षावाल्यालाही ऐकू जातो. फोन वाजला की "उचल गं, हात भरलेत" म्हणायचा, आणि हात कोरडे ठणठणीत. कानाचं मशीन आण म्हटलं की उठून निघून जायचा. आपल्या भाषेतले सिनेमे बघणंही सोडलं त्याने. नुसते परदेशी, खाली अक्षरं येणारे. "आपल्याकडे आता काही राहिलं नाही," हे वर कारण. मला सगळं कळत होतं. सांगणार कोणाला? भिंतीला?

तेवढ्यात आपल्या भाषेत एक सिनेमा आला. मुलीला लहानपणी सोडून गेलेली आई म्हातारपणी परत येते, अशी गोष्ट. गटात सगळे त्यावर लिहीत होते, 'शेवटची रांग' गप्प का, असं विचारत होते. शेवटी हा एकटा थिएटरात जाऊन बघून आला. नेहमीप्रमाणे तासभर बोलला नाही आणि मग लिहायला बसला. लिहिलं काय, तर शेवटी मायलेकी बागेतल्या बाकावर आपल्याकडे पाठ करून बसतात आणि सिनेमा संपेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. इतकी भरलेली शांतता मी आयुष्यात पाहिली नाही, असं लिहिलं. वाहवा झाली. काही शहाण्यांनी तर आपल्यालाही ती शांतता भिडल्याचं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी चिमटा आली. 'कुठली शांतता? त्या बाकावर आई सलग बोलते. सगळा सिनेमा त्या बोलण्यासाठी आहे. सर, तुम्ही शेवट न बघता उठलात का?'

झालं! आग्यामोहोळ उठलं. कालपर्यंत सर म्हणणारे आज लबाड म्हणायला लागले. याची जुनी मतं उकरून काढून, हेही बघितलं नसेल, तेही नसेल, असं सुरू झालं. दातांच्या डॉक्टरने तेवढं सभ्यपणे लिहिलं, 'रविवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर नाइलाजाने तुम्हाला काढावं लागेल.'

भावाचं जेवण सुटलं. मी म्हटलं, "अरे, खरं काय ते सांगून मोकळा हो ना!" तर खेकसला माझ्यावर, "लबाड म्हणू दे. मीच बाहेर पडतो." लबाड म्हणवून घेईल, पण ऐकू येत नाही म्हणणार नाही! असा संताप आला ना मला! पण त्याचं तोंड बघितलं आणि ताट झाकून ठेवलं.

शनिवारी तो सिनेमा इंटरनेटवरून घरच्या टीव्हीवर आला. मी त्याला दंड धरून बसवलं आणि थेट शेवट लावला. बाक आला. दोन पाठी, म्हणजे याला वाचायला ओठही नाहीत. खाली अक्षरं नाहीत, आणि आईचा आवाज इतका हळू की मलाच वाकून ऐकावं लागलं. सिनेमा थांबवला आणि त्याच्या कानाशी ओरडले, "मी रोज तुझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायचे!" पुढे चालू केला, पुन्हा थांबवला. "हाक मारायची हिंमत नव्हती माझ्यात!" पुन्हा थांबवला. "तू माझ्यासमोरून निघून जायचीस गं!"

शेजारीण धावत आली. "काय झालं? कोणाशी भांडताय?"

"सिनेमा सांगतेय!" म्हणून मी दार लोटलं आणि पुन्हा ओरडायला बसले. इतकं हळुवार बोलणं मी बोंबलून सांगत होते. सांगता सांगता भडभडून आलं, पण शेवटपर्यंत सांगितलं.

त्याने टीव्हीकडे बोट केलं. "एवढं सगळं बोलते ती?"

"हो."

"मी बहिरा झालोय, ताई." पहिल्यांदा बोलला तो हे. "बहिऱ्याचं सिनेमावरचं मत कोण वाचणार?"

मी रिमोट खाली ठेवला. मग मीच त्याच्या कानाशी विचारलं, "ते राहू दे. आता सगळं कळलं ना तुला? मग सांग, कसा वाटला शेवट?"

तो विचारात पडला. कपाळाला आठी आली. "नको होतं बोलायला," म्हणाला. "मुलीचा हात बघ. आईने बोलायला सुरुवात करण्याआधीच तो तिच्याकडे सरकतो. तिथेच माफ केलंय तिने. पुढे बोलून काय मिळवलं?"

"मग लिही हेच!"

आणि लिहिलं त्याने. सिनेमा पूर्ण पाहिला, पण मला ऐकू येत नाही आणि हे मी सगळ्यांपासून लपवलं, असं स्वच्छ लिहिलं. बहिणीने ओरडून सगळं ऐकवलं, तेही लिहिलं. आणि खाली, 'तरीही माझं मत बदललेलं नाही. आई बोलली नसती तर सिनेमा मोठा झाला असता.'

उत्तरं यायला लागली. सर, वाईट वाटलं. सर, काळजी घ्या. काका, तुम्हाला सलाम. शिव्या देणारे हात जोडायला लागले. एकाने मशीनच्या दुकानाचा पत्ता धाडला. एकानेही सिनेमाबद्दल चकार शब्द काढला नाही. हा वाचत गेला तसतसा चेहरा उतरत गेला. शेवटी फोन माझ्या हातात देऊन उठला.

तेवढ्यात फोन थरथरला. चिमटाच होती. मी मोठ्याने वाचलं, "'शेवट न बघता उठलात का विचारलं, ते चुकलं, माफी मागते. पण कान गेले हे समजू शकते, अक्कल कधी गेली? हात सरकला म्हणजे माफ केलं असं कोणी सांगितलं तुम्हाला?'"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बोलायची काही रीत आहे की नाही? थांब, मीच उत्तर देते हिला!"

त्याने झडप घालून फोन हिसकावला, खिडकीशी धावला आणि दोन बोटांनी टकटक सुरू केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पठ्ठ्या खदखदून हसत होता.

"तू मध्ये पडू नकोस, ताई," म्हणाला. "भांडतेय गं ती माझ्याशी!"