काकूंच्या दुखण्याचा अलंकार

साधं उत्तर. काकूंना नवऱ्याकडून जन्मभर एवढंच हवं होतं. दागिना नको, सहल नको. आपण बोलावं आणि समोरच्यानं ते ऐकावं, बस्स. पण नवरा पडला साहित्याचा मास्तर, त्यातही अलंकारांवर जीव टाकणारा. सगळे त्यांना अलंकार सरच म्हणत.

बाहेरच्या खोलीत काकूंचं शिवणाचं मशीन, आतल्या खोलीत सरांची शिकवणी, मध्ये नुसता पडदा. कुणाच्या तरी पँटची शिवण उसवता उसवता काकू म्हणायच्या, पाय अगदी दगड झालेत. आतून आवाज यायचा, "रूपक." मशीन आज रुसलंय, जरा तेल आणा म्हटलं की "चेतनगुणोक्ती." तेल राहिलं ते राहिलंच. हजारदा सांगितलं तुम्हाला, असं चिडून म्हणावं तर "अतिशयोक्ती", आणि वर कौतुकानं मान डोलावणार! आता अशा माणसापुढे बाईनं बोलायचं तरी कसं? बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. चहा करून द्यायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. फक्त बायकोचं बोलणं कानात शिरलं की त्याला नावाची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका दुपारी शिकवणी ऐन रंगात आली होती. काकूंनी मशीन थांबवलं, पडदा बाजूला सारला आणि चौकट धरून म्हणाल्या, "अहो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय."

सरांचा चेहरा खुलला. मुलांना म्हणाले, घ्या, आयतं उदाहरण चालून आलं. वाक्य फळ्यावर लिहूनसुद्धा झालं. वर्गात दोन तट पडले. 'सारखं' आलंय म्हणजे उपमा, असं पुढच्यांचं म्हणणं. 'वाटतंय' आलंय म्हणजे उत्प्रेक्षा, असं मागच्यांचं. सर दोघांनाही चढवत होते. काकू घामानं निथळत हे सगळं ऐकत होत्या. संताप असा आला होता की ओरडावं, पण ओरडायला श्वास नको का? त्या तिथंच खाली बसल्या. तेव्हा कुठे एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, काकूंना खरंच होतंय."

पुढचं सगळं धावपळीत झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरांना विचारलं, त्या नेमकं काय होतंय म्हणाल्या होत्या? सरांनी ते वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. बाई म्हणाल्या, हृदयाचं दुखणं असलं की पुष्कळ पेशंट अगदी हेच सांगतात, आणि हे ऐकल्यावर क्षणभरही थांबायचं नसतं. सरांनी मान खाली घातली. त्यांच्या बोटांना अजून खडू लागलेला होता.

काकू वाचल्या, घरी आल्या. आणि मग नवाच ताप सुरू झाला, कारण सर आता प्रत्येक शब्द खरा धरू लागले. डोकं फुटायची वेळ आलीय म्हटलं की रक्तदाबाचं यंत्र हजर. भुकेनं जीव चाललाय म्हटलं तर सरळ डॉक्टरीणबाईंना फोन. शेजारीण हसून हसून बेजार झाली आणि काकूंच्या नाकी नऊ आले. आधी हा माणूस ऐकतच नव्हता. आता ऐकतोय, तर ते असं! काकूंनी कपाळावर हात मारला.

एका सकाळी त्या आजारानंतर पहिल्यांदाच मशीनवर बसल्या. कापड सुईखाली घेतलं, पाय खाली टेकवले आणि तशाच बसून राहिल्या. मशीनचा आवाज येईना म्हणून सर धावत आले. यंत्र हातात होतंच. कुठे दुखतंय, काय होतंय, सुरू झालं. कुठेही दुखत नाही, आधी ते खाली ठेवा, काकूंनी बजावलं.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "पुन्हा तसं झालं आणि तुम्ही आत शिकवत असलात तर?"

सवयीनं सरांचं तोंड उघडलं. पण ह्या वाक्याला लावायला त्यांच्याकडे नाव नव्हतं, आणि मोजायला यंत्रही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मधला पडदा दांडीसकट काढून कोपऱ्यात ठेवला आणि ते खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले.

"बोल," ते म्हणाले.

काकू बोलू लागल्या. कितीतरी वर्षांचं साठलं होतं. मधेच शिकवणीची मुलं आली आणि दारात घुटमळली. सरांनी मागे वळून न बघताच हातानं खूण केली, आज जा.